डालड्याचा डबा आणि साजूक तूप : ‘नैसर्गिक’ अन्नाच्या आग्रहाचा इतिहास

१/
ऑगस्ट १९४२. पुण्याचा आगाखान पॅलेस. बाहेर ‘चले जाव’चा वणवा पेटलेला आणि आत गांधीजी स्थानबद्ध. १५ ऑगस्टला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई याच वास्तूत वारले. त्यानंतर पंधरवडाही उलटला नव्हता, तोच बहात्तर वर्षांचा हा बंदिवान एक पुस्तक लिहावयास बसला. त्याचा विषय राजकारण नव्हता. माणसाने काय खावे, किती खावे आणि काय टाळावे, असा तो विषय होता.

२/
हे पुस्तक म्हणजे मूळ गुजरातीतील ‘आरोग्यनी चावी’, मराठीत ‘आरोग्याची किल्ली’. २८ ऑगस्टला आरंभ आणि १८ डिसेंबरला समाप्ती. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’साठी लिहिलेल्या आरोग्यविषयक लेखमालेचा हा नवा, पुष्कळसा बदललेला अवतार होता. पुस्तक छोटेसे आहे. पण आज आपल्या घराघरांत चालणारा वाद त्यात जवळजवळ जसाच्या तसा सापडतो.

३/
तो वाद आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. रिफाइंड तेल की लाकडी घाण्याचे? साखर की गूळ? पाकिटातले की घरचे? आमच्या घरी मागील वर्षी आईने घाण्याचे तेल सुरू केले आणि महिन्याचे बिल पाहून बाबांनी भुवया उंचावल्या. दोघांचेही म्हणणे मला पटत होते. म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे जुने कागद चाळू लागलो. त्यातून जे हाती आले, ते या धाग्यात मांडत आहे.

४/
प्रथम पुस्तकातील आहार पाहू. बैठे काम करणाऱ्या माणसासाठी गांधीजी रोजचे प्रमाण देतात: गाईचे दूध २ पौंड, सर्व धान्ये मिळून ६ औंस, पालेभाजी ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, कच्ची भाजी १ औंस, तूप दीड औंस किंवा लोणी २ औंस, गूळ अथवा साखर दीड औंस. फळे ऐपतीप्रमाणे. आजच्या मापात दूध सुमारे ९०० ग्रॅम, धान्य १७० ग्रॅम आणि तूप ४० ग्रॅमांच्या आसपास.

५/
यादीत साखर आहे, हे ध्यानात घ्यावे. ‘पांढरे विष’ वगैरे आजची भाषा तिथे नाही. मात्र गव्हाच्या पिठाबाबत आग्रह स्पष्ट आहे: घरी दळावे, चाळू नये, कोंड्यात पोषण असते. तांदूळ गिरणीत घासूनपुसून पांढरा केलेला नसावा. शुद्ध तूप न मिळाल्यास ताजे, शक्यतो घाण्याचे तेल घ्यावे. बाजारात तूप वा तेल म्हणून जे विकले जाते, त्यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता.

६/
हा अविश्वास आला कोठून? त्यासाठी चाळीस वर्षे मागे, जर्मनीत जावे लागेल. १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मान या रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलाला घट्ट करण्याच्या रीतीचे एकस्व घेतले. तेल तापवायचे, त्यात निकेल धातूची बारीक पूड घालायची आणि हायड्रोजन वायू सोडायचा. निकेल स्वतः खर्ची पडत नाही, केवळ क्रिया घडवून आणतो. तेलाच्या रेणूंत हायड्रोजन शिरतो आणि वाहते तेल थिजून लोण्यासारखे होते.

७/
युरोपात याचा उपयोग कृत्रिम लोण्यासाठी झाला, अमेरिकेत १९११ साली ‘क्रिस्को’ आले. हिंदुस्थानात मात्र लोण्यापेक्षा तुपाला मान. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस डच लोणी-कारखानदारांनी हा माल इकडे आणला, तो तुपाचा पर्याय म्हणून. पांढरा, दाणेदार, तुपासारखा थिजणारा आणि तुपाहून पुष्कळ स्वस्त. नाव पडले ‘वनस्पती तूप’.

८/
या नावातच सारी मेख आहे. तूप दुधाचे, वनस्पतीचे तूप कसे असेल? पण ‘तूप’ हा शब्द जोडल्याशिवाय माल खपणार नव्हता. आपल्या भाषेनेही याला उत्तर दिले. ‘साजूक’ या विशेषणाचा जुना अर्थ ‘ताजे’. आज आपण साजूक तूप म्हणतो, तेव्हा मनात ‘ताजे’ नसते, ‘खरे’ असते. नकली वस्तू बाजारात आली की अस्सल वस्तूला नवे विशेषण मिरवावे लागते.

९/
२७ नोव्हेंबर १९३१ रोजी हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची नोंदणी झाली. ती युनिलिव्हरची येथील उपकंपनी. पुढील वर्षी मुंबईत शिवडीला कारखाना सुरू झाला. म्हणजे वनस्पती आता परदेशी माल उरला नव्हता. तो आपल्याच इलाख्यात तयार होऊ लागला. १९३७ मध्ये त्याला ‘डालडा’ हे नाव मिळाले आणि तो पिवळा, ताडाच्या चित्राचा डबा जन्मास आला.

१०/
१९३९ पासून लिंटास या जाहिरात संस्थेने डालड्याची जी मोहीम चालविली, ती जाहिरातीच्या इतिहासात आजही शिकवली जाते. चित्रपटगृहांत छोटा बोलपट, रस्त्यावर डब्याच्या आकाराची मोटारगाडी, वाचणाऱ्यांसाठी पत्रके, न वाचणाऱ्यांसाठी चव पाहावयास तळलेले पदार्थ. पुढे पाककृतींची पुस्तकेही आली. गृहिणीने काय शिजवावे, हे सांगणारी सासूखेरीज दुसरी अधिकारवाणी घरात आली होती.

११/
आता दुसरी बाजू. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याला मगनवाडीत त्याचे ठाणे, आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाण्याचे तेल, गूळ, मध: आज दुकानांच्या पाट्यांवर दिसणाऱ्या बहुतेक वस्तूंचा जाणीवपूर्वक पुरस्कार तिथे नव्वद वर्षांपूर्वी झाला.

१२/
परंतु त्यामागील युक्तिवाद निव्वळ आरोग्याचा नव्हता. तांदूळ गिरणीत गेला की कांडप करणाऱ्या बाईची मजुरी जाते, शिवाय सालीबरोबर ब जीवनसत्त्वही जाते. तेल गिरणीतून आले की गावचा तेली बसतो, आणि पेंड गावच्या गुरांना न मिळता बाहेर जाते. म्हणजे खाणाऱ्याचे आरोग्य आणि पिकवणाऱ्या-कांडणाऱ्याची भाकरी, अशा दोन्ही गोष्टी एका दाण्यात गुंफलेल्या होत्या. आजच्या पाट्यांवर यातील पहिली गोष्ट तेवढी उरली आहे.

१३/
वनस्पतीवरील गांधीजींचा मुख्य आक्षेपही याच जातीचा. १९४६ च्या ‘हरिजन’मध्ये हा विषय येतो, तेव्हा रोख फसवणुकीवर आहे. तुपाचे रूप घेऊन, तुपात मिसळून, तुपाच्या भावाने ही वस्तू विकली जाते. गरीब माणूस लेकराच्या तोंडी तूप घालावे म्हणून पैसे मोजतो आणि घरी दुसरेच काही नेतो. तेल खायचे तर तेल म्हणून खावे; त्याला तुपाचा वेष कशाला?

१४/
भेसळ वनस्पतीने जन्माला घातली असे नव्हे. मुंबई इलाख्यात भेसळ प्रतिबंधक कायदा १९२५ सालीच झाला होता. पण चरबी वा दुसरे तेल मिसळलेले तूप अनुभवी बाई वासाने, कणीने, बोटांवर चोळून ओळखू शके. वनस्पतीने हे ज्ञान निकामी केले. हायड्रोजनीकरणात वास जातो, रंग जातो आणि कणी हवी तशी आणता येते. पिढ्यान्‌पिढ्यांची नाक-बोटांची परीक्षा एका यंत्राने हरवली. माझ्या मते त्या काळच्या संतापाचे हे खरे मूळ आहे.

१५/
मग मागणी पुढे आली: वनस्पतीला रंग द्या, म्हणजे तुपात मिसळले की कळेल. हळदीपासून रतनजोतीपर्यंत अनेक पर्याय सुचविले गेले. अट मोठी अवघड होती. रंग खाण्यास निर्धोक हवा, तापवल्यावर टिकणारा हवा आणि व्यापाऱ्याला काढून टाकता न येणारा हवा. तिन्ही अटींत बसणारा रंग काही मिळाला नाही.

१६/
तोडगा निघाला तो स्वयंपाकघरातलाच: तिळाचे तेल. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलात एक विशिष्ट घटक असतो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फर्फ्युरल यांच्याशी त्याचा संयोग झाला की गुलाबी-लाल रंग उमटतो. या परीक्षेला बोद्वँ चाचणी म्हणतात. तुपाचा नमुना गुलाबी झाला की त्यात वनस्पती आहे, हे उघड. डोळ्यांना न दिसणारी खूण पदार्थाच्या पोटात ठेवून दिली गेली.

१७/
युक्ती नामी होती. पण एक गोष्ट पाहा. ही परीक्षा करणार कोण? प्रयोगशाळा. जी परीक्षा पूर्वी ओट्यापाशी उभी राहून घरची बाई करीत असे, ती आता निरीक्षक, नमुना, अहवाल आणि खटला यांच्या हाती गेली. १ जून १९५५ पासून अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा (१९५४ चा) देशभर लागू झाला. कुटुंबाचा विश्वास स्वतःच्या नाकावरून सरकारी शिक्क्यावर गेला.

१८/
काहींना हे पुरेसे वाटले नाही. १९५० साली पंडित ठाकूरदास भार्गव यांनी हंगामी संसदेत वनस्पतीचे उत्पादन व विक्री बंद करण्याचे विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. एका बाजूस गोसेवक, ग्रामोद्योगवाले, तूप उत्पादक. दुसऱ्या बाजूस कारखानदार, आणि ‘इतके तूप आणणार कोठून?’ असा रोकडा प्रश्न विचारणारे. युद्ध, टंचाई आणि रेशनिंग यांतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या देशात तो प्रश्न खोटा म्हणता येत नव्हता.

१९/
शास्त्रज्ञांना विचारले गेले. उंदरांवर प्रयोग झाले, माणसांवर झाले. वाढ आणि पचन यांची मोजमापे घेऊन एकंदर निष्कर्ष निघाला तो असा, की ३७ अंश सेल्सिअसपर्यंत वितळणारे वनस्पती हे साध्या तेलापेक्षा अपायकारक दिसत नाही. त्या काळच्या साधनांनी दिलेले ते प्रामाणिक उत्तर होते. वनस्पतीच्या विरोधकांची गणना मागासलेल्यांत होऊ लागली आणि डालडा घरोघरी पोहोचला.

२०/
येथे माझ्या आजीची साक्ष काढतो. ती आजही ठामपणे सांगते, “आपल्या घरात डालडा कधी शिरला नाही.” आणि गावच्या घराच्या मागील दारी तिची तुळस वर्षानुवर्षे ज्यात वाढली, तो गंजका पिवळा डबा कशाचा? ताडाचे चित्र अजून अर्धे दिसते. मी तो दाखवला तेव्हा आजी हसली, म्हणाली, “अरे, तो दिवाळीपुरता. चिरोट्यांना.” मौखिक इतिहास गोळा करताना मागचे दार पाहावे, हा धडा मला कोणत्याही वर्गात मिळाला नव्हता.

२१/
आजीला मी खोटे ठरवीत नाही. तिच्या पिढीसाठी ‘आमच्याकडे डालडा नसतो’ हे आहाराचे विधान नव्हते, प्रतिष्ठेचे होते. देवापुढच्या निरांजनात, वरणभातावर, बाळंतिणीच्या ताटात साजूक तूप. पाहुण्यांसाठीच्या घाऊक तळणीला डालडा. अनेक मध्यमवर्गीय घरांनी अशी मूक वाटणी केली होती. जिथे तूपच परवडत नसे, त्या घरांत ही वाटणीही नव्हती.

२२/
आता काळ पुढे नेऊ. १९९० साली मेन्सिंक आणि कटान या दोन डच संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अर्धवट हायड्रोजनीकरणात तेलाचे काही रेणू वाकडे होते ते सरळ होतात. त्यांना ट्रान्स मेद म्हणतात. सरळ रेणू एकमेकांशेजारी दाटीने बसतात, म्हणून पदार्थ थिजतो. हेच ट्रान्स मेद रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले घटवतात, असे त्यांना आढळले. पुढील संशोधनाने हृदयविकाराशी असलेला संबंध पक्का केला. ज्या देशातून हा माल आपल्याकडे आला, त्याच देशातून त्याच्याविरुद्धचा पुरावाही आला.

२३/
भारतात वनस्पती व तत्सम पदार्थांतील ट्रान्स मेदावर २०११ साली १० टक्क्यांची मर्यादा आली. मग ५ टक्के, जानेवारी २०२१ पासून ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. शिवडीच्या कारखान्यापासून या आकड्यापर्यंत नव्वद वर्षे गेली.

२४/
तर मग जुने लोक बरोबर होते, हे सिद्ध झाले का? येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. त्यांचा संशय बरोबर निघाला. कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते. ट्रान्स मेद हा शब्द त्या वादात नाही. आणि त्याच संशयापोटी केलेले इतर काही प्रयोग सपशेल फसले होते. १९२९ मध्ये गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग आश्रमात केला, प्रकृती बिघडली आणि तो सोडावा लागला. आपले अपयश त्यांनी जाहीरपणे लिहिले.

२५/
दुधाचेही तसेच. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले. १९१८ च्या दुखण्यात शरीर पार खचले, तेव्हा गाई-म्हशीचे नको तर शेळीचे घ्या, ही वाट कस्तुरबांनी काढली. आगाखान पॅलेसमध्ये लिहिताना ते मान्य करतात, की दुधाला पर्याय ठरेल अशी वनस्पती त्यांना सापडलेली नाही. सिद्धान्त एका बाजूला आणि अनुभव दुसऱ्या बाजूला असताना त्यांनी अनुभव लिहून ठेवला. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याच वास्तूत कस्तुरबा गेल्या. ते पुस्तक वाचताना मला ही तारीख विसरता येत नाही.

२६/
सुटकेनंतर गांधीजी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात अनेकदा राहिले. नोव्हेंबर १९४५ मध्ये तिथे एक न्यासही झाला. पण गरिबांसाठीची संस्था शहरात चालवणे ही आपली चूक, असे त्यांना लवकरच वाटू लागले. मार्च १९४६ मध्ये ते पुण्यापासून तीसेक किलोमीटरवरील उरुळी कांचनला गेले, आठवडाभर राहिले, रोगी तपासले आणि काम मणिभाई देसाई या तरुणावर सोपवून निघाले. गावातच जन्म काढण्याचा शब्द मणिभाईंनी दिला आणि पाळला.

२७/
या मणिभाईंनी पुढे काय केले? गांधीजींच्या आहारातील ‘२ पौंड दूध’ गावच्या कोणत्याही घराला परवडणारे नव्हते. तेव्हा मणिभाईंनी गाईंचा प्रश्न हाती घेतला. १९६७ मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. तिचे मुख्य साधन होते परदेशी जातींशी संकर आणि गोठविलेल्या वीर्याने कृत्रिम रेतन. निसर्गोपचार आश्रमाच्या विश्वस्ताने गरिबाच्या घरी दूध पोहोचवण्यासाठी ‘कृत्रिम’ मार्ग धरला आणि त्याला त्यात विसंगती वाटली नाही.

२८/
उरुळीचा हा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘नैसर्गिक’ आणि ‘कृत्रिम’ या दोन पेट्या करून प्रत्येक वस्तू एकीत टाकता येत नाही. लाखेची डाळ शेतातच उगवते, रसायनाचा थेंब नसतो. पण तीच पोटभर खात राहिल्यास पाय लुळे पडतात. उलट मिठात घातलेले आयोडीन कारखान्यातले असूनही ते गलगंड टाळते.

२९/
मग आईने कोणते तेल आणावे? जुन्या कागदांतून मला तीन प्रश्न मिळाले, तेच मी घरी मांडले. एक, ही वस्तू जे नाव मिरवते तीच ती आहे का, आणि हे आपल्याला तपासता येते का? दोन, तिच्याविषयीचा पुरावा कोणता आणि तो कोणी दिला? तीन, तिचा पर्याय सामान्य घराला परवडतो का, आणि त्यातून पिकवणाऱ्याच्या हाती काही पडते का?

३०/
पहिल्या प्रश्नावर घाण्याच्या तेलालाही सूट नाही. डब्यावर ‘लाकडी घाणा’ लिहिले म्हणजे तेल लाकडी घाण्याचे होत नाही, जसे ‘तूप’ लिहून वनस्पती तूप झाले नाही. आमच्या घरी निवाडा असा झाला: फोडणीला गल्लीतल्या घाण्यावर डोळ्यांसमोर काढलेले शेंगदाणा तेल, थोडेच, तळण महिन्यातून एकदा, आणि बेकरीच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचण्याचे काम माझ्याकडे. बिल पूर्वीइतकेच येते. बाबा गप्प आहेत.

३१/
योगायोग असा, की १९४३ साली, आगाखान पॅलेस कैद्यांसह बंद असताना, याच शहरात भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे जिलबीच्या निमित्ताने भारतीय आहारशास्त्राच्या इतिहासावर लेख प्रसिद्ध करीत होते. सतराव्या शतकातील रघुनाथाचा ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ त्यांच्या अभ्यासात होता. कोणते धान्य, कोणते दूध, कोणाला काय मानवते: काळजी तीच, तीनशे वर्षे जुनी. तो ग्रंथ पुढील धाग्यासाठी राखून ठेवतो.

३२/
तोवर एक विनंती. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा: पूर्वी तूप खरे की खोटे, हे तुम्ही कसे ओळखत होता? वास, कणी, चव, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि गावाचे नाव जोडून खाली कळवा. कारखान्यांचे कागद दफ्तरांत सापडतात. ही परीक्षा कोणीच लिहून ठेवलेली नाही, आणि ती येणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.